अंटार्क्टिका भारताच्या चौपट, मग आम्हा दोघांच्या पावलांनी काय बिघडणार?

मुलुंडहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. पती-पत्नी दोघंही नुकतेच निवृत्त झालेत. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरच्या उशुआयाहून निघणाऱ्या दहा दिवसांच्या जहाजसफरीने अंटार्क्टिका बघायचं ठरतंय, आगाऊ रक्कम भरायची मुदत जवळ आलीय, आणि ऐन वेळी मुलीने खोडा घातलाय: "तिकडे जाणं म्हणजे त्या जागेची वाट लावायला हातभार लावणं." त्यावर तुमचं म्हणणं, खंड भारताच्या चौपट, कायमची वस्ती औषधालाही नाही, तिथे आम्ही दोघं चार वेळा दोन-दोन तास उतरलो तर काय आभाळ कोसळणार? जावं की जाऊ नये, एवढंच सांगा.

एका शब्दात सांगता येणार नाही, कारण ते कोणत्या जहाजाने जाता, किती लोकांबरोबर जाता, उतरता की डेकवरूनच बघता आणि उतरल्यावर कसे वागता यावर बरंच अवलंबून आहे. पण तुमच्या हिशेबातली एक गोष्ट आधी दुरुस्त करायला हवी. दोन माणसं भागिले सगळं खंड, असा भागाकार तुम्ही मांडलाय. त्यातला छेद चुकलाय. बरोबर छेद घातला की उत्तर पार बदलतं, आणि मुलगी काय म्हणतेय ते निम्मं तरी पटतं. निम्मंच का, तेही सांगतो.

मी मूळचा मेकॅनिकल इंजिनियर. भारतीय मोहिमांमध्ये माझ्याकडे इंधन आणि कचरा ही दोन खाती होती. म्हणजे पेंग्विनचे फोटो दुसऱ्यांनी काढले, मी पिंपं मोजली. पुढे एका पर्यटक जहाजावर माहिती सांगणारा म्हणूनही गेलो. त्यामुळे दोन्ही बाजू थोड्याफार पाहिल्यात.

तर छेद. अंटार्क्टिकाचं क्षेत्रफळ साधारण १ कोटी ४० लाख चौरस किलोमीटर. त्यावर बर्फाचा थर सरासरी दोन किलोमीटर जाडीचा, काही ठिकाणी साडेचारहून जास्त. आतलं पठार हे खरं तर वाळवंट आहे. तिथे वर्षभरात पडणारा बर्फ वितळवला तर पाणी भरेल जेमतेम ५० मिलिमीटर. सांताक्रूझच्या वेधशाळेने २६ जुलै २००५ ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला होता, म्हणजे त्या पठाराचा जवळपास एकोणीस वर्षांचा वाटा. फरक इतकाच, की तिथे पडलेलं वितळत नाही. हजारो वर्षं साचतं, दाबलं जातं आणि स्वतःच्या वजनाने हळूहळू समुद्राकडे सरकतं. व्होस्तोक तळावर २१ जुलै १९८३ ला उणे ८९.२ अंश सेल्सियसची नोंद झाली, ती या पठारावरची. तिथे ना गवत, ना किडा, ना पेंग्विन. तुमचं जहाज तिथे जाणारही नाही. थोडक्यात, ज्या अफाट विस्ताराच्या जोरावर तुम्ही "काय बिघडणार" म्हणताय, त्याचा बहुतेक भाग या हिशेबात धरायचाच नाही.

धरायचा तो उघडा खडक. अख्ख्या खंडाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी जमीन बर्फाबाहेर आहे. शेवाळ, दगडफूल, मातीतले डोळ्याला जेमतेम दिसणारे जीव, हे सगळं तिथे. कायम जमिनीवर राहणारा तिथला सर्वांत मोठा प्राणी म्हणजे काही मिलिमीटर लांबीची, पंख नसलेली एक माशी. फुलणाऱ्या वनस्पती स्थानिक अशा दोनच, एक गवत आणि एक उशीसारखी वाढणारी बुटकी जात, त्याही दक्षिण अमेरिकेच्या दिशेने पुढे आलेल्या द्वीपकल्पाच्या बाजूला. अॅडेली, चिनस्ट्रॅप, जेंटू हे पेंग्विन दगडगोट्यांची घरटी करतात, म्हणून त्यांनाही बर्फ हटलेली जमीनच लागते. एम्परर पेंग्विन समुद्रावरच्या बर्फावर अंडी घालतो, तो अपवाद.

आणि माणसालाही नेमकी तीच जागा लागते. आपला पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, १९८३-८४ मध्ये किनाऱ्यालगत तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरावर, म्हणजे आइस शेल्फवर उभारला गेला. साचत्या बर्फाखाली तो गाडला जाऊ लागला आणि १९९० मध्ये सोडून द्यावा लागला. तोवर आपला दुसरा तळ, मैत्री, उभा राहिला होता, शिर्माकर ओअ‍ॅसिसच्या खडकावर. हे ओअ‍ॅसिस म्हणजे सुमारे ३५ चौरस किलोमीटरची उघडी पट्टी, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या एक तृतीयांश. त्यात शंभराहून जास्त तळी. एका तळ्याचं, प्रियदर्शिनीचं पाणी आम्ही पीत होतो. त्याच पट्टीत थोड्या अंतरावर रशियनांचा तळ. २०१२ मध्ये आपण भारती उभारलं ते लार्समन टेकड्यांमध्ये, तिथेही शेजारी चीन आणि रशिया. द्वीपकल्पाच्या टोकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर तर जगभरच्या देशांनी दाटी केलीय. पर्यटक जहाजंही बर्फाच्या उभ्या कड्यावर माणसं उतरवू शकत नाहीत. त्यांना लागतो उतरता किनारा, आणि लोकांना बघायचे असतात पेंग्विन. म्हणजे पेंग्विन, शेवाळ, शास्त्रज्ञ आणि मुलुंडचे तुम्ही, सगळे त्या अर्ध्या टक्क्यातच येऊन उभे राहता. १९९१-९२ च्या हंगामात सहा-सात हजार पर्यटक जात होते. २०२३-२४ मध्ये आकडा १ लाख २२ हजारांच्या घरात गेला. त्यातले साधारण एक तृतीयांश न उतरता जहाजावरूनच बघतात, पण उरलेल्यांची पावलं द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मोजक्या, नावाजलेल्या जागांवर पुन्हा पुन्हा पडतात.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या कामामुळे मला हीच जास्त टोचते. तिथे झालेली इजा भरून येत नाही. आपल्याकडे निसर्ग फार उदार आहे. येऊरच्या पायवाटेवरून माणसं जायची थांबली, की दोन पावसाळ्यांत वाट सापडत नाही. तिथे शेवाळ वर्षाला काही मिलिमीटर वाढतं. काही थंड-कोरड्या भागांतलं दगडफूल शंभर वर्षांत सेंटिमीटरभरही वाढत नाही. शेवाळावर उमटलेला बुटाचा ठसा दशकानुदशकं तसाच राहतो. कुजवायला ऊब नाही, पाणी नाही. केप अदारे इथल्या जुन्या झोपडीत २०१७ मध्ये संवर्धन करणाऱ्यांना शंभर वर्षांहून जुना फळांचा केक सापडला, आणि त्याला जवळजवळ खाण्याजोगा वास येत होता. केकचं कौतुक वाटतं, पण डिझेलचंही तेच होतं.

डिझेलचं जरा खोलात सांगतो. इंधन पिंपातून टाकीत घेताना पाइपच्या जोडाखाली आम्ही ट्रे ठेवायचो, बाजूला तेल शोषणाऱ्या चादरी. नवीन पोरं हसायची, दोन थेंबांसाठी एवढा सोहळा? त्यांना मी एका जुन्या, बंद पडलेल्या छावणीची जागा दाखवायचो. पिंपं केव्हाच उचलून नेलेली, वरून जमीन कोरडी आणि स्वच्छ दिसायची. पण जानेवारीत उन्हं तापली, की वरचा वीतभर-हातभर थर वितळतो. खालची जमीन मात्र कायमची गोठलेली, त्यामुळे पाणी मुरत नाही. ते गोठलेल्या थरावरून उताराने झिरपतं आणि जाताना वर्षानुवर्षं अडकून पडलेलं तेल बरोबर घेऊन निघतं. बोटाने गाळ जरा उकरला की ओहोळावर इंद्रधनुषी तवंग यायचा, आणि नाकाला पेट्रोलपंपासारखा वास. थंडीत तेल उडून जात नाही, आणि ते खाणारे जिवाणू असले तरी त्यांचं काम वर्षातले मोजके आठवडेच चालतं. तवंग कुठे चाललाय ते बघायला मान वर केली, की समोर तळं.

हे सगळं पर्यटकांनी केलेलं नाही, हे मुलीला जरूर सांगा. सगळ्यात घाणेरडा इतिहास आम्हा तळवाल्यांचा आहे. कचरा उघड्यावर जाळायचा, नाहीतर समुद्राच्या बर्फावर नेऊन ठेवायचा, उन्हाळ्यात बर्फ फुटला की आपोआप तळाशी, ही एके काळी सर्रास पद्धत होती. अमेरिकेच्या मॅकमर्डो तळावर १९६२ ते १९७२ चक्क अणुभट्टी चालली. ती बंद केल्यावर आजूबाजूची हजारो टन माती-दगडं खणून जहाजाने परत न्यावी लागली. १९५९ च्या अंटार्क्टिक करारात लष्करी कारवायांना आणि अणुस्फोटांना बंदी होती, पण पर्यावरणाबद्दल फारसं काही नव्हतं. ते आलं माद्रिद प्रोटोकॉलमध्ये. १९९१ मध्ये सह्या झाल्या आणि १९९८ पासून तो लागू झाला. खाणकामाला बंदी त्याच्यामुळेच आहे. आपणही २०२२ मध्ये स्वतःचा अंटार्क्टिक कायदा केला.

प्रोटोकॉल कागदावर गंभीर वाटतो, स्वयंपाकघरात तो गमतीदार होतो. तिथे थर्माकोलच्या गोळ्या-तुकड्यांचं पॅकिंग चालत नाही. जंतुविरहित न केलेली माती नेता येत नाही. आमच्या तुकडीतल्या एकाला घरून कुंडीतली तुळस न्यायची होती, ती गोव्यातच राहिली. कोंबडीची हाडं ताटातून थेट बंद डब्यात, कारण बाहेर स्कुआ पक्षी टपलेले असतात आणि कोंबडीचा रोग त्यांच्यामार्फत पेंग्विनपर्यंत जाऊ शकतो. लोणच्याच्या बरण्या, तेलाचे डबे, बॅटऱ्या, औषधांची पाकिटं, सगळं वेगवेगळं भरून, लेबल लावून परतीच्या जहाजावर चढवायचं. हिवाळा काढलेल्या माणसाला घरी आल्यावर वर्षभर तरी कचरापेटीत मिसळून काही टाकवत नाही. बायकोला त्याचा फार वैताग येतो.

आता तुमच्याकडे येऊ. पर्यटकाचा त्रास नेमका कशाकशातून होतो?

पहिलं, बिया. २००७-०८ च्या उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्या लोकांचे कपडे, बूट, बॅगा तपासून एक मोठा अभ्यास झाला. बिया सापडल्या त्या माणसांमागे सरासरी साडेनऊ. आणि शास्त्रज्ञांच्या अंगावर पर्यटकांपेक्षा जास्त, हे आमच्या लोकांना ऐकायला आवडत नाही. पर्यटक संख्येने कितीतरी जास्त, म्हणून तो फरक कमी होतो एवढंच. हे घाबरवायला सांगत नाही. किंग जॉर्ज बेटावर एका तळापाशी परदेशी गवत रुजलं, आणि ते उपटून काढायला माणसं लावावी लागली. तुम्हाला वाटेल, मुंबईच्या गवताचं बी तिथे कसं जगेल? नाही जगणार. हिवाळ्यात लोहगडाला गेल्यावर मोज्यात घुसलेली कुसळं तिथे मरतीलच. धोका आहे तो थंड प्रदेशातल्या बियांचा. तेच जॅकेट घालून तुम्ही मागच्या वर्षी लडाखला गेला असाल, किंवा जहाज पकडण्याआधी उशुआयाच्या जंगलात दोन दिवस फिरणार असाल, तर ते बी तिथे टिकाव धरू शकतं. जहाजावर व्हॅक्युम क्लीनर घेऊन सगळ्यांचे खिसे आणि बूट साफ करायला बसवतात. तेव्हा लोक कंटाळतात. वेल्क्रोची पट्टी उजेडात धरून बघा, चिमट्याने काय काय निघतं ते. कॅमेऱ्याच्या बॅगेच्या शिवणी सगळ्यात वाईट.

दुसरं, रोग. पक्ष्यांचा घातक फ्लू ऑक्टोबर २०२३ मध्ये साउथ जॉर्जिया बेटापर्यंत आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरच्या स्कुआंमध्ये सापडला. तो पक्ष्यांनीच आणला, पर्यटकांनी नाही. पण बुटाच्या खाचेत अडकलेल्या विष्ठेतून तो एका वसाहतीतून दुसऱ्या वसाहतीत नेण्याचं काम माणूस करू शकतो. म्हणून उतरताना आणि चढताना बूट जंतुनाशकात बुडवतात, आणि किनाऱ्यावर बसू, गुडघे टेकू किंवा बॅग जमिनीवर ठेवू देत नाहीत. गुडघेदुखी असेल तर आधीच लक्षात घ्या. दोन तास उभंच राहायचंय.

तिसरं, जहाज स्वतः. पाण्यात बर्फ, नकाशे काही भागांत अपुरे, मदत दिवस-दिवस लांब. १९८९ मध्ये अर्जेंटिनाचं बाहिया पाराइसो हे जहाज पामर तळाजवळ खडकावर चढलं आणि सुमारे ६ लाख लिटर इंधन समुद्रात गेलं. नोव्हेंबर २००७ मध्ये एक्सप्लोरर हे पर्यटक जहाज बर्फाला धडकून बुडालं. १५४ माणसं होती, सगळी वाचली, पण तेव्हा समुद्र शांत होता आणि दुसरी जहाजं जवळ होती म्हणून. ऑगस्ट २०११ पासून साठ अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली जड तेल, म्हणजे जहाजांचं जाड, चिकट इंधन, वापरायला किंवा नुसतं वाहून न्यायलाही बंदी आहे, आणि माझ्या मते गेल्या काही दशकांतला हा सगळ्यात उपयोगी नियम. त्याने मोठी जहाजं काही काळ तरी थोपवली.

चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही, ती म्हणजे काजळी. जहाजांच्या, विमानांच्या, जनरेटरच्या धुरातले काळे कण बर्फावर बसतात, बर्फ ऊन परतवायच्या ऐवजी शोषतो आणि लवकर वितळतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २०१६ ते २०२० या काळातल्या दर पाहुण्यामागे सुमारे ८३ टन बर्फ असा लवकर वितळल्याचा अंदाज मांडला होता. तुम्ही दोघं म्हणजे १६६ टन. हा आकडा मुलीला सांगायचा की नाही ते तुम्ही ठरवा. खंडाच्या एकूण बर्फापुढे तो नगण्य आहे, पण "आमच्या दोघांमुळे काहीच होत नाही" हे म्हणणं मात्र त्यापुढे टिकत नाही.

पेंग्विनना माणसांचा किती त्रास होतो, याबद्दल अभ्यासांची उत्तरं एकसारखी नाहीत. काही वसाहतींत फरक दिसला, काहींत दिसला नाही. जात कोणती, अंडी उबवायचे दिवस आहेत की पिल्लं मोठी झालीत, लोक किती अंतरावर थांबतात, यावर बदलतं. जेंटू द्वीपकल्पावर वाढतायत आणि अॅडेली बऱ्याच ठिकाणी घटतायत, पण त्यामागे मुख्यतः समुद्र आणि हवा तापणं आहे, पर्यटक नाहीत. आणि नुसते पेंग्विनच बघायचे असतील तर राणीच्या बागेत आहेत. ते मात्र अंटार्क्टिकाचे नव्हेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे हम्बोल्ट.

यातूनच येतो तो मुद्दा, जिथे मुलीचं म्हणणं मला अपुरं वाटतं. अंटार्क्टिकावरचा माणसाचा सगळ्यात मोठा परिणाम तिथे न जाणाऱ्या माणसांनी केलाय. ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड १९८५ मध्ये जगापुढे आलं, ते फ्रीजमधल्या आणि स्प्रेच्या डब्यांतल्या वायूंमुळे. एकही डबा तिथे फवारावा लागला नाही. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते वायू आवरले गेले आणि भगदाड हळूहळू भरतंय, म्हणजे माणूस मनावर घेतो तेव्हा होतं. तापमानाचं तसं झालेलं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात द्वीपकल्प सुमारे तीन अंशांनी तापलं. २००२ मध्ये लार्सन बी आइस शेल्फचा सव्वातीन हजार चौरस किलोमीटरचा तुकडा, बृहन्मुंबईच्या सहा-सात पट, काही आठवड्यांत फुटून चुरा झाला.

आइस शेल्फ मुळातच पाण्यावर तरंगत असते, त्यामुळे ती फुटली म्हणून समुद्र फारसा वाढत नाही. पण वाड्याच्या दाराला लावलेल्या आडण्यासारखी ती मागच्या हिमनद्यांना अडवून धरते. आडणा निघाला, की मागचा जमिनीवरचा बर्फ वेगाने समुद्रात उतरतो, आणि ती भर मात्र खरीखुरी असते. लार्सन बीच्या मागच्या हिमनद्यांनी लगेच वेग घेतला. खरी काळजी पश्चिमेकडच्या थ्वेट्स हिमनदीची. तिचा विस्तार महाराष्ट्राच्या सहा-दशांशाहून जास्त. ती बसलीय समुद्रसपाटीच्या खाली असलेल्या जमिनीवर, आणि ती जमीन आत जावं तशी आणखी खोल होत जाते. खालून येणारं तुलनेने उबदार पाणी तिची कड कुरतडतं, कड मागे सरकते तसा जास्त जाड बर्फ पाण्याला उघडा पडतो. ती सगळी गेली तर जगभरचा समुद्र सरासरी ६५ सेंटिमीटरने वर येईल. उद्या नाही, शतकं लागू शकतात, किती लागतील यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पूर्व अंटार्क्टिकाच्या काही भागांत बर्फ वाढतोही आहे. पण एकूण खंडाचा जमाखर्च मांडला, तर २००२ पासून वर्षाला सरासरी दीडशे अब्ज टनांच्या आसपास तूट येतेय.

मुंबईकराला यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. एवढा अजस्र बर्फ स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने भोवतालचं समुद्राचं पाणी आपल्याकडे ओढून धरतो. तो घटला, की ती ओढ सैल पडते आणि पाणी दूरच्या किनाऱ्यांकडे सरकतं. म्हणजे पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला, तर त्याच्या अगदी जवळ समुद्राची पातळी उलट खाली जाईल, आणि आपल्यासारख्या लांबच्या किनाऱ्यावर सरासरीपेक्षा थोडी जास्तच वाढेल. अपोलो बंदरला भरती-ओहोटीची नोंद १८७८ पासून आहे. देशातल्या सगळ्यात जुन्या नोंदींपैकी ती एक. वाढ तिथे दिसेलच. हिंदमाताला पाणी तुंबतं ते पावसाचं, आणि भरती असली की ते समुद्रात जात नाही. समुद्राची पातळीच वर गेली तर तो निचरा आणखी अवघड होणार.

मग मुलुंडमध्ये बसून तुम्ही गेला नाहीत, तर अंटार्क्टिका वाचली का? नाही. पण "जहाज तसंही जाणारच आहे" हा युक्तिवादही मला पटत नाही. पुढच्या वर्षी किती जहाजं जातील ते यंदाच्या बुकिंगवर ठरतं. जाहिरातीत म्हणतात, जो जाऊन येतो तो अंटार्क्टिकाचा दूत होतो. मी जहाजावर पाहिलेले बहुतेक दूत शेवटच्या रात्री आर्क्टिकच्या सफरीची चौकशी करत होते. मुंबई ते उशुआया विमानाने जाऊन येणं हा तुमच्या कार्बनच्या हिशेबातला मोठा आकडा आहे, आणि तो कुठल्याही शिस्तीने पुसला जात नाही. हे मान्य करून जायचं असेल तर जा. आयुष्यभराची बचत आहे, आणि मी स्वतः जाऊन आलेला माणूस तुम्हाला कुठल्या तोंडाने नको म्हणू?

जाणार असाल तर निवड अशी करा. जहाज पाचशेपेक्षा कमी प्रवाशांचं असावं. त्याहून मोठी जहाजं लोकांना उतरवत नाहीत, तरी इंधन जाळतातच. दोनशेच्या आतलं मिळालं तर उत्तम, कारण एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरवायचा नियम आहे. जास्त प्रवासी म्हणजे तुमची पाळी लांबणार आणि किनाऱ्यावर दिवसभर कोणी ना कोणी असणार. कंपनी आयाटोची सदस्य हवी. १९९१ मध्ये अंटार्क्टिकाला पर्यटक नेणाऱ्या सात कंपन्यांनी मिळून काढलेली ही संघटना, नियम स्वतःच स्वतःला घालून घेतलेले, म्हणून त्यांच्या मर्यादा आहेत, पण बाहेरच्यापेक्षा बरं. ज्या सफरीत हेलिकॉप्टर, पाणबुडी असले खेळ आहेत ती मी घेणार नाही. एका फेरीत मोजक्याच जागी पण जास्त वेळ थांबणारी सफर घ्या, दिवसाला तीन ठिकाणं उरकणारी नको.

उतरल्यावरच्या काही बारीक गोष्टी, माहितीपुस्तिकेत असतात पण वाचायच्या राहतात. मऊ बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतला, तर बाहेर आल्यावर तो खड्डा बुजवायचा. पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. आणि बर्फावर त्यांच्या येण्याजाण्याच्या खोलगट वाटा दिसतील. त्या ओलांडायच्याच असतील तर तो पुढे जाईपर्यंत थांबायचं. पाच मीटरचं अंतर तुम्ही राखायचं, तो जवळ आला तर तो त्याचा प्रश्न. खडा उचलून खिशात टाकायचा नाही, तिथे खडा म्हणजे कुणाच्या तरी घरट्याचा भाग असतो. किनाऱ्यावर खायचं नाही, थेपलेसुद्धा नाही. लघवीचीही सोय नसते आणि परवानगीही नसते. मधुमेहाची किंवा प्रोस्टेटची गोळी चालू असेल तर उतरायच्या दिवशी तिची वेळ डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

आगाऊ रक्कम भरण्याआधी एजंटाकडून चार गोष्टी ईमेलवर मागून घ्या: जहाजाचं नाव आणि प्रवासीसंख्या, आयाटोचं सदस्यत्व, कोणत्या देशाचा परवाना कंपनीने काढलाय, आणि वैद्यकीय कारणाने मधूनच परत आणावं लागलं तर खर्च कोणाचा. फोनवर "हो सर, सगळं आहे" म्हणतील, ते धरायचं नाही. ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, ओलांडायला दोन दिवस लागतात आणि समुद्र खवळलेला असेल तर वयस्कर माणसांना त्रास होतोच, म्हणून चौथा मुद्दा तुमच्यासाठी पहिला. जहाजाचं नाव कळलं की इथेच टाका. माझ्या पाहण्यातलं असेल तर काय ते लिहीन.